परवाना रुग्णालयाचा, पात्रता तुझी

इंदूरच्या लोकमान्यनगरात राहणाऱ्या माझ्या एका जुन्या मैत्रिणीची मुलगी एम.एस्सी. न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सारी औषधे देऊन तपासणी व उपचार करण्याची शाखा) करून गेली दोन वर्षे शहरातल्या एका पेट-सीटी स्कॅन केंद्रात टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करते आहे. तिने मला तीन प्रश्न लिहून पाठवले. व्यावसायिक संस्थेचे आजीव सदस्यत्व घेतले, तर ते प्रमाणपत्र म्हणून चालते का? साठवलेल्या पैशांतून आधी आर.एस.ओ.ची, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची परीक्षा द्यावी, की सी.एन.एम.टी. या टेक्नॉलॉजिस्टांसाठीच्या अमेरिकेच्या प्रमाणपत्राच्या मागे लागावे? आणि सहायक आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या नव्या कायद्याखालची नोंदणी आपल्याला लागू होते का? हा तिसरा प्रश्न तिला पडला, कारण तिच्या केंद्राच्या एच.आर. विभागाने "तुम्ही ए.ई.आर.बी.च्या कक्षेत येता, तुम्हाला दुसरी नोंदणी लागत नाही" असे तिला ठामपणे सांगितले होते. हेच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे. ती मला मावशी म्हणते, तेव्हा एकेरीतच लिहिते.

तुझा तिसरा प्रश्न मी आधी घेते, कारण उरलेल्या दोन्हींची उत्तरे त्यावरच टेकलेली आहेत. एच.आर.चे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि आपल्या व्यवसायातला बराचसा गोंधळ अशा अर्ध्या खऱ्या वाक्यांतूनच निर्माण झालेला आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे ए.ई.आर.बी., १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या आधारावर नोव्हेंबर १९८३ मध्ये स्थापन झाले आणि किरणोत्सर्ग संरक्षणाचे २००४ चे नियम आपल्या रोजच्या कामाला लागू आहेत. परंतु हे मंडळ नेमके कोणाला काय देते, ते नीट पाहा. चालवण्याचा परवाना देते तो संस्थेला. हॉट लॅबची (किरणोत्सारी औषधे तयार करण्याच्या खोलीची) जागा, भिंतींची जाडी, सांडपाण्याची व्यवस्था, औषधाची मात्रा मोजणारा डोस कॅलिब्रेटर, मॉनिटर, डॉक्टर, टेक्नॉलॉजिस्ट आणि आर.एस.ओ. हे सगळे त्या एका अर्जात तपासले जाते आणि त्यात टेक्नॉलॉजिस्टची पात्रता ही परवान्याची एक अट असते. म्हणजे ए.ई.आर.बी. तुझी पात्रता पाहते, पण ती केंद्राच्या संदर्भात. "या ठिकाणी हे काम सुरक्षितपणे होईल का" या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी. तू या व्यवसायाची सभासद म्हणून कोण आहेस, तुझे शिक्षण कोणत्या दर्जाचे आहे, तुझ्या वर्तनाबद्दल तक्रार आली तर ती कोणी ऐकायची, दुसऱ्या राज्यात गेलीस तर तुझी ओळख कोणत्या पुस्तकात सापडायची, हे प्रश्न त्या मंडळाचे नाहीत आणि त्याने ते आपले असल्याचा दावाही कधी केलेला नाही.

ही उणीव २०२१ च्या राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने भरून काढायची आहे. या कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय रेडिऑलॉजी, इमेजिंग आणि उपचार तंत्रज्ञान या गटात मेडिकल फिजिसिस्ट, रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट, डोसिमेट्रिस्ट यांच्या रांगेत न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट हे नाव स्पष्टपणे लिहिलेले आहे. त्यामुळे "तुम्हाला लागू नाही" असे म्हणणाऱ्याने अनुसूची उघडून पाहिलेली नाही, एवढेच म्हणता येईल. कायद्याची रचना अशी आहे की केंद्रीय आयोग शिक्षणाचे किमान निकष ठरवील, प्रत्येक राज्य आपली परिषद नेमील, आणि नोंदवलेल्या व्यक्तींची राज्याची व केंद्राची अशी सूची राहील. राज्यांनी हे काम इतके रेंगाळत ठेवले, की अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. आपल्या मध्य प्रदेशात सह-चिकित्सीय परिषद आधीपासून होती. महाराष्ट्रात शिकून इकडे परतलेल्या आमच्यासारख्यांना तिच्या हिंदी अर्जात आपल्या पदविकेचे नाव कोणत्या रकान्यात बसवायचे, हाच पहिला प्रश्न पडायचा. जुन्या परिषदेकडे केलेली नोंदणी असेल तर तिची मूळ पावती आणि प्रमाणपत्र फेकू नकोस. संक्रमणाच्या काळात जुना कागदच नव्या कागदाची वाट मोकळी करतो.

आता कायद्यातला जो बारकावा तुझ्या बाबतीत खरोखर महत्त्वाचा आहे, तो सांगते. कायद्याने दोन पायऱ्या केल्या आहेत. सहायक आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे शिक्षण हवे. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे. पहिल्या व्याख्येत 'टेक्नॉलॉजिस्ट' हा शब्द प्रत्यक्ष आलेला आहे आणि दुसरीत सल्ला देणे, देखरेख करणे, संशोधन करणे अशी कामे येतात. तू बी.एस्सी. भौतिकशास्त्रात केलेस आणि एम.एस्सी. दोन वर्षांची. तुझ्या पदवीची गणना फक्त एम.एस्सी.ची धरायची की दोन्ही मिळून, आणि त्यातले प्रत्यक्ष रुग्णालयातले तास किती, हा प्रश्न तुझ्या अर्जावर कधी ना कधी विचारला जाईल. म्हणून आजच तुझ्या महाविद्यालयाला लिही आणि सेमिस्टरनिहाय व्याख्यान, प्रात्यक्षिक व क्लिनिकल पोस्टिंगचे तास दाखवणारे पत्र शिक्क्यासह मागवून घे. गुणपत्रिकेवर तास नसतात. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत असतात, आणि पुस्तिका दर काही वर्षांनी बदलते. पाच वर्षांनी तू मागायला जाशील तेव्हा तुझ्या वर्षाची पुस्तिका तिथल्या कारकुनालाही सापडणार नाही.

माझी स्वतःची अडचण याच्या उलट आहे. मी पदवीनंतर परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमधून डी.एम.आर.आय.टी. ही वैद्यकीय समस्थानिकांच्या तंत्राची पदविका केली. भाभा अणुसंशोधन केंद्राचा तो विभाग १९६३ पासून आहे आणि या देशातल्या न्यूक्लिअर मेडिसिनची एक अख्खी पिढी तिथे घडली. परंतु माझी पदविका एका वर्षाची होती. दोन वर्षांचा किमान निकष सरळसोट लावला, तर ज्या पदविकेच्या जोरावर ए.ई.आर.बी.ने आम्हाला एवढी वर्षे पात्र मानले, तिलाच नव्या व्याख्येच्या चौकटीत बसवताना स्पष्टीकरण द्यावे लागेल. हा अन्याय जाणूनबुजून केलेला आहे असे मला वाटत नाही. कायदा लिहिताना डोळ्यांसमोर फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री असे संख्येने मोठे व्यवसाय होते आणि आपल्यासारखे मूठभर लोक अनुसूचीत एक ओळ होऊन राहिले. मात्र ही बाजू मांडायची कोणी, हा प्रश्न उरतोच, आणि इथे तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते.

सदस्यत्व हे प्रमाणपत्र नव्हे. सोसायटी ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन, इंडिया ही संस्था १९६७ पासून आहे, तिचे इंडियन जर्नल ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन हे नियतकालिक आहे, आणि न्यूक्लिअर मेडिसिनमधल्या भौतिकशास्त्रज्ञांची स्वतंत्र संघटनाही आहे. अशा संस्थेचे सदस्यत्व तू अवश्य घे. अधिवेशनात तुझ्यासारख्या केंद्रात एकट्या पडलेल्या मुलीला तीच अडचण असलेले आणखी पंचवीस जण भेटतात, ही गोष्टच मोलाची आहे. पण त्या सदस्यत्वातून तू शुल्क भरलेस आणि व्यवसायाशी संबंधित आहेस एवढेच सिद्ध होते. टेक्नेशियम देणाऱ्या जनरेटरच्या द्रावणात नको असलेले मॉलिब्डेनम तुला तपासता येते की नाही, हे सिद्ध होत नाही. तुझ्या केंद्राने सदस्यत्वाचे कार्ड 'सर्टिफिकेशन' म्हणून फाईलला लावले असेल, तर रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एन.ए.बी.एच.चा तपासनीस ते पहिल्या दहा मिनिटांत बाजूला ठेवील.

अमेरिकेचा इतिहास इथे उपयोगी आहे, आणि तो तिथल्या भव्यतेसाठी नव्हे, तर तिथल्या भांडणांसाठी. तिथली सोसायटी ऑफ न्यूक्लिअर मेडिसिन १९५४ साली निघाली, डॉक्टर आणि शास्त्रज्ञांची. टेक्नॉलॉजिस्टांचा स्वतंत्र विभाग तिच्यात १९७० साली झाला. तोवर टेक्नॉलॉजिस्टला प्रमाणित करण्याचे काम बाहेरच्या संस्था करत होत्या, त्यांपैकी ए.आर.आर.टी. ही १९२२ पासूनची मुळात क्ष-किरण तंत्रज्ञांची संस्था, तर दुसरी पॅथॉलॉजीच्या बाजूने आलेली. म्हणजे जो रुग्णाला समस्थानिक टोचतो, त्याची परीक्षा एकीकडे क्ष-किरणवाले घेत होते आणि दुसरीकडे प्रयोगशाळावाले. यातून १९७७ साली एन.एम.टी.सी.बी. हे केवळ न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्टांसाठीचे प्रमाणन मंडळ स्थापन झाले आणि पुढल्याच वर्षी त्याची पहिली परीक्षा झाली. महत्त्वाचे हे की ते मंडळ सोसायटीहून वेगळे ठेवले गेले. जी संस्था तुझ्या पगारासाठी, पदनामासाठी, सोयींसाठी बोलते, तिनेच तुझी परीक्षा घेतली तर परीक्षेवर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि जी परीक्षा घेते तिने तुझी वकिली केली तर तिचा निकाल संशयास्पद ठरतो. आपल्याकडे संघटनेच्या बैठकीत अधूनमधून कोणीतरी उठून "आपणच आपले सर्टिफिकेट सुरू करू या" असे म्हणतो, तेव्हा माझी हरकत असते ती नेमकी या कारणासाठी.

अर्थात तिथेही सगळे आलबेल झाले असे नाही. एन.एम.टी.सी.बी. आणि ए.आर.आर.टी. ही दोन्ही मंडळे आजही शेजारी शेजारी आहेत, पहिल्याचे सी.एन.एम.टी., दुसऱ्याचे आर.टी. आणि त्यापुढे एन. हे अक्षर. पेट आणि सीटी एका यंत्रात आल्यावर सीटीचे बटण कोणी दाबायचे यावरून दोन्ही व्यवसायांत ताण निर्माण झाला आणि २००२ साली दोन्हींच्या संघटनांना त्यासाठी एकत्र परिषद घ्यावी लागली. पुढे न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांना सीटीची वेगळी परीक्षा देण्याचा मार्ग खुला झाला. किरणोत्सर्गाचे काम करणाऱ्या तंत्रज्ञांना देशभर किमान पात्रता सक्तीची करणारे विधेयक तिथल्या संसदेत वारंवार मांडले गेले, तरी त्याचा कायदा झाला नाही. १९८१ च्या कायद्याने घालून दिलेले निकष राज्यांच्या मर्जीवर राहिले आणि काही राज्यांत परवाना लागतो तर काहींत नाही, अशी स्थिती कायम राहिली. बदल घडला तो पैशांच्या बाजूने: २००८ च्या एका कायद्याने रुग्णालयाबाहेरच्या इमेजिंग केंद्रांना २०१२ पासून मानांकन नसेल तर मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेचे पैसे मिळणार नाहीत असे ठरवले, आणि मानांकनासाठी तंत्रज्ञांची प्रमाणपत्रे दाखवणे भाग पडले. आपल्याकडे विमा कंपन्या आणि सरकारी योजना ज्या दिवशी हेच विचारू लागतील, त्या दिवशी तुझ्या केंद्राच्या एच.आर.ला अनुसूची सापडेल.

सीटीचा विषय निघालाच आहे तर तुझ्या केंद्राबद्दल एक विचारते. तुमच्याकडे पेटला जोडून कॉन्ट्रास्ट देऊन पूर्ण डायग्नोस्टिक सीटी केला जातो, असे तू लिहिले आहेस. त्या सीटीचे प्रोटोकॉल कोण बसवते? तू एम.एस्सी.त सीटीचे भौतिकशास्त्र शिकलीस, पण कॉन्ट्रास्टची प्रतिक्रिया ओळखणे, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन पाहणे, मुलांसाठी केव्ही (क्ष-किरण नळीचा व्होल्टेज) कमी करणे हे प्रत्यक्ष कोणाच्या हाताखाली शिकलीस? टाटा रुग्णालयाने फ्यूजन इमेजिंगची (पेट-सीटीसारख्या एकत्रित स्कॅनची) स्वतंत्र पदव्युत्तर पदविका काढली ती उगीच नव्हे. पुढचे सहा महिने आठवड्यातून एक सकाळ रेडिऑलॉजी विभागात घालवण्याची परवानगी माग आणि त्याची लेखी नोंद ठेव.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे आर.एस.ओ. की सी.एन.एम.टी. माझे उत्तर निःसंदिग्धपणे आर.एस.ओ. असे आहे, परंतु त्याचे स्वरूप समजून घे. परीक्षा उत्तीर्ण होणे ही तुझी व्यक्तिगत पात्रता आहे आणि ती कोणी काढून घेऊ शकत नाही. आर.एस.ओ. म्हणून मान्यता मात्र तेव्हाच मिळते, जेव्हा एखादी परवानाधारक संस्था तुझे नाव सुचवते आणि ए.ई.आर.बी. ते मंजूर करते. ती मान्यता त्या संस्थेपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती असते. म्हणजे इथेही परवाना रुग्णालयाचाच. माझ्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा आधीच्या रुग्णालयाची नोकरी सोडून दुसरीकडे गेला, तेव्हा जुन्या ठिकाणी ए.ई.आर.बी.च्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून त्याचे नाव उतरवायला कोणाला सवड झाली नाही. त्यांना बदली आर.एस.ओ. मिळालेला नव्हता आणि कागदावर तरी तो तिथेच असणे त्यांच्या सोयीचे होते. नव्या रुग्णालयाचा गॅमा कॅमेरा बसून तयार होता आणि हा माणूस दोन महिने रोज जुन्या ठिकाणी फोन करत होता. तू राजीनामा देशील तेव्हा रिलीव्हिंग लेटरच्या आधी ई-लोरातून मुक्त केल्याचा पुरावा माग. आणि आर.एस.ओ.ची सही ही शोभेची नसते, हेही लक्षात घे: गळती झाली, स्रोत हरवला, कचरा वेळेआधी बाहेर गेला, तर विचारणा तुला होईल. पगारात त्याचे काही वाढवून देणार असतील तर ते नेमणूकपत्रात यायला हवे; "बघू पुढच्या इन्क्रिमेंटला" या वाक्यावर सही करू नकोस.

सी.एन.एम.टी.बद्दल तुझ्या मनात जे आहे ते मी समजू शकते. नावापुढे ती चार अक्षरे चांगली दिसतात. परंतु तिथली मंडळे उमेदवाराचे गुण पाहण्याआधी त्याचा अभ्यासक्रम कोणी मानांकित केला आहे ते पाहतात, आणि भारतातले बहुतेक अभ्यासक्रम त्या साखळीत बसत नाहीत. शिवाय प्रमाणपत्र मिळाल्यावर ते टिकवावे लागते: दोन्ही मंडळांकडे दर दोन वर्षांनी २४ तासांचे निरंतर शिक्षण दाखवावे लागते, आणि ए.आर.आर.टी.ने १ जानेवारी २०११ पासून दिलेल्या प्रमाणपत्रांना दहा वर्षांची मुदत घातली आहे, त्यानंतर स्वतःच्या ज्ञानाची पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते. अमेरिकेत जाण्याचे ठरलेले असेल तरच तो खर्च समजण्यासारखा आहे. तुझे डोळे खरे तर आखाताकडे आहेत, हे तुझ्या आईकडून कळले; तिथे सी.एन.एम.टी.पेक्षा डेटाफ्लो या कंपनीची कागदपत्रांची पडताळणी आणि प्रोमेट्रिकची परवान्यासाठीची संगणकीय परीक्षा आधी येते.

डेटाफ्लोत तुझ्या उत्तरपत्रिकेपेक्षा तुझ्या नावाची परीक्षा जास्त होते, आणि इंदूरच्या मराठी घरांतल्या मुलामुलींची गाडी इथे हमखास अडते. आपल्या मध्य प्रदेश बोर्डाच्या गुणपत्रिकेवर नाव आणि आडनाव एवढेच असते. पुढे मुंबई-पुण्याकडे शिकायला गेले की तिथला अर्ज मधले नाव मागतो, आणि पदवीवर वडिलांचे नाव येऊन बसते. पासपोर्ट काढताना एजंट तिसरेच काही लिहितो, आणि लग्नानंतर चौथे नाव तयार होते. माझी स्वतःची दहावीची गुणपत्रिका, पदविका आणि टी.एल.डी. बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) ही तिन्ही तीन वेगवेगळ्या नावांनी आहेत, आणि त्या तिघी एकच बाई आहेत हे मला प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागले होते. तुझे लग्न व्हायचे आहे, पदवीवरचे नाव ताजे आहे; पासपोर्टवरचे नाव पदवीशी अक्षरशः जुळवून घेण्याची हीच वेळ आहे. अनुभवपत्रावर पद 'टेक्निशियन' असे लिहून देत असतील तर ते स्वीकारू नकोस; नेमणूकपत्रात 'न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट' असेल तर तेच शब्द हवेत, कारण पडताळणी करणारा माणूस शब्द ताडून पाहतो, आशय नव्हे.

आणखी एक नोंद अशी आहे, जी या व्यवसायात केवळ तुझी असते आणि जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही: तुझा डोस, म्हणजे तुझ्या अंगावर पडलेला किरणोत्सर्ग. टी.एल.डी. बॅज दर तिमाहीला बदलून जातो, त्याचा अहवाल संस्थेकडे येतो आणि आकडे राष्ट्रीय डोस नोंदवहीत जातात. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोसचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही आपल्याकडची मर्यादा आहे. नीट चालणाऱ्या पेट केंद्रात तू तिच्या जवळपासही जाऊ नयेस, आणि जात असशील तर एफ.डी.जी. हे किरणोत्सारी औषध सिरिंजमध्ये काढण्याची पद्धत तपासायला हवी. पण मुद्दा असा, की हा हिशेब तुझ्या वैयक्तिक क्रमांकावर चालतो आणि तो क्रमांक नोकरी बदलली तरी बदलायचा नसतो. नवी संस्था घाईत नवा क्रमांक काढून मोकळी होते आणि तुझा मागचा सगळा इतिहास जुन्या क्रमांकावर बेवारस राहतो. पुढे गर्भारपणात, तेव्हा गर्भासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची मर्यादा लागते, किंवा एखाद्या आजाराच्या वेळी मागचे आकडे लागले, तर ते एकत्र सापडत नाहीत. मी दोन्ही बाळंतपणांच्या वेळी माझे अहवाल मागितले होते. पहिल्यांदा ते मिळायला सात आठवडे लागले.

म्हणून या वर्षीचा क्रम असा ठेव, की तासांचे पत्र आधी, राज्याच्या नोंदणीचा अर्ज त्यासोबत, मग आर.एस.ओ.ची परीक्षा, आणि सोसायटीचे सदस्यत्व अधिवेशनाला जाशील तेव्हा. एच.आर.च्या त्या मॅडमना अनुसूचीचे पान छापून दे. वाद घालू नकोस, त्यांनाही कोणीतरी चुकीचे सांगितलेले असणार. अमेरिकेचे पैसे तूर्त बँकेत राहू दे. आणि तुझा बॅज या तिमाहीच्या शेवटी बदलायला जाईल, त्याआधी आर.एस.ओ.कडून तुझा वैयक्तिक क्रमांक आणि दोन वर्षांचे आकडे लिहून घे, सही आणि तारखेसह.